पुदिन्याचं उरलेलं पाणी

साताऱ्याच्या स्टँडवर खंडाळ्याची गाडी लागली, तेव्हा विजयमाला जगदाळेनं धावत जाऊन खिडकीची जागा पकडली आणि लाकडी पेटी मांडीवर घेतली. पेटी टपावर टाका, असं कंडक्टर दोनदा सांगून गेला. दोन्ही वेळा तिनं त्याच्याकडे असं काही बघितलं, की बिचारा तिसऱ्यांदा आलाच नाही. पेटीत काचेची भांडी होती. सांगलीपासून इथवर तिनं ती तान्ह्या बाळासारखी जपत आणली होती, आणि आता शेवटच्या टप्प्यात कोणाच्या ट्रंकेखाली ती चिरडू द्यायला ती काही खुळी नव्हती.

गाडी सुटता सुटता एक गडी चढला. चढला म्हणजे आधी त्याचं सामान चढलं. तांब्याच्या नळीचं एक भलंमोठं वेटोळं, कमरेच्याही वर येईल एवढं, झाळून नुकतंच लखलखीत केलेलं. त्याच्या मागून तो. अंगात खाकी शर्ट, ताठ पाठ, आणि कपाळावर घामाच्या धारा. दिवसही तसेच होते म्हणा, चौऱ्याहत्तरचा मे महिना, झाडाचं पानही हलत नव्हतं.

"ह्याचं तिकीट लागंल," कंडक्टर म्हणाला.

"अर्धं लावा की. ल्हान हाय अजून."

सगळी गाडी हसली. कंडक्टरला हसायचं नव्हतं, पण तोही हसला आणि पुढे गेला. जागा एकच उरली होती, विजयमालाच्या शेजारची. तो बसला आणि ते वेटोळं त्यानं दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवलं.

आता, विजयमालाला गप्प बसता येत नसे, हा तिचा मोठा दोष. दुसरा दोष असा, की दोन वर्षं ती सांगलीत धनपालअण्णांच्या बामच्या कारखान्यात पुदिन्याचं तेल तपासत होती, आणि त्यामुळे पुदिन्याचा वास तिच्या नाकाला येईनासाच झाला होता. पुढच्या बाकावरच्या बाया पदर नाकाला लावून "काय गं बाई गार वास सुटलाय" म्हणत होत्या. हिला पत्ता नाही.

"हे काय आहे हो?" तिनं विचारलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा तो सबंध वळला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला... इतका टक लावून, की तिनं उगाच केसांची बट मागे सारली.

"भट्टीची नळी हाय," तो म्हणाला.

"दारूच्या?"

"वास घिऊन बगा."

"नको. तुमचं बरं आहे, भट्टी चालते तरी. मी निघालेय ती बंदच पडायच्या बेतात आहे. कोणी मिलिटरीतला माणूस आहे, पुदिना लावलाय म्हणे. आमच्या अण्णांनी त्याच्याकडे भट्टी बसवून दिली. पण तेल निघेल तर शपथ! सैन्यातली माणसं शिस्तीची असतात, पण प्रत्येक काम काय कवायतीनं होतं? मी तपासणार, कागद लिहिणार... आणि बहुतेक भट्टी उचलून न्या असंच लिहावं लागणार."

तो ऐकत होता का, कोण जाणे. नुसता बघत होता. खंबाटकीच्या घाटात पहिल्याच वळणाला गाडी कलली, वेटोळं कललं, आणि त्याचं टोक थेट विजयमालाच्या वेणीत अडकलं.

"आई गं!"

"थांबा... हलू नगा." त्यानं एका हातानं तिची पेटी धरली, दुसऱ्या हातानं वेणीची रिबन सोडवली. बोटं राकट होती, पण एक केस तुटला नाही. "आमचा नाग हाय ह्यो. चावत न्हाई, नुस्ता गुतून बसतो."

खंडाळ्याला दोघंही उतरली. तिला न्यायला शालूआत्या आली होती. त्यानं पेटी आत्याच्या हातात दिली, मान लववली आणि ते वेटोळं खांद्यावर टाकून निघून गेला. नाव काय, गाव काय, काहीच विचारायचं राहिलं. रात्री वेणी घालताना विजयमालाला ते एकदा आठवलं... बरं, दोनदा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं दिलेल्या बैलगाडीतून ती ढमाळांच्या मळ्यात उतरली. आंब्याच्या झाडाखाली पत्र्याचा मांडव, मांडवात भट्टी, आणि भट्टीला कालचं ते वेटोळं बसवत पाठमोरा उभा असलेला... खाकी शर्ट.

तिनं जीभ चावली.

"कृष्णात ढमाळ," तो वळून म्हणाला. "मिल्ट्रीतला."

"तुम्ही... काल... मी जे बोलले..."

"डाव्या कानाशेजारी तोफ वाजली एकाहत्तरात. त्या अंगाचं कायबी ऐकू येत न्हाई." त्यानं डाव्या कानाला हात लावला. "काल तुमी खिडकीला, म्हंजी डावीकडंच हुता की."

विजयमालानं सुटकेचा असा निःश्वास टाकला, की मांडवातल्या चिमण्यासुद्धा उडाल्या असत्या. देव पावला! मग तिनं पदर खोचला आणि पेटी उघडली.

तेल काढायचं काम तसं सरळ. भट्टीत पुदिन्याचा पाला भरायचा, खालून जाळ घालायचा. वाफ पाल्यातलं तेल उचलते आणि नळीत शिरते. नळीचं वेटोळं पाण्याच्या टाकीत बुडवलेलं असतं. त्यात वाफ निवते आणि दुसऱ्या टोकानं तेल आणि पाणी एकत्र खाली येतात. तेल हलकं, ते वर तरंगतं, ते काढून घ्यायचं. पाणी उरतं, ते सोडून द्यायचं. आणि भट्टीत उरतो तो उकडलेला चोथा. कृष्णात तो वाळवून पुढच्या घाण्याला जाळायचा, राहिलेला पुदिन्याच्या सऱ्यांत पसरायचा. वाया काही घालवायचं नाही, हा त्याचा खाक्या.

"हा पुदिना इकडचा नाही," विजयमाला एक पान चुरगळत म्हणाली. यावेळी मात्र ती उजवीकडे उभी होती.

"बरेलीचा. कान गेल्यावर तिथल्या मिल्ट्रीच्या दवाखान्यात चार म्हयने पडून हुतो. भितीपलीकडं ह्यो पाला लावलेला. लय बेजार असायचो, झोप न्हाई, डोस्कं सारखं घुमायचं. वारं सुटलं की ह्येचा वास यायचा आन जरा डोळा लागायचा." त्यानं जाळात एक लाकूड सरकवलं. "सुटी झाली तवा वल्या बारदानात मुळ्या बांधून आणल्या. दर टेशनावर उतरून पाणी मारायचो. लोकं म्हणायची, जवान लढाईतनं काय घिऊन चाललाय, तर चिखल!"

"आणि दुष्काळ?"

"आईनं जगवला. न्हाणीच्या पाण्यावर."

त्या न्हाणीच्या पाण्यावरच्या चार मुळ्यांचा आता पाऊण एकर झाला होता. विजयमाला त्या हिरव्या सऱ्यांकडे बघत राहिली. मग तिला कागदाची आठवण झाली. अण्णांचं सांगणं चोख होतं, शंभर किलो पाल्याला अर्धा किलो तेल निघालं पाहिजे. नाही निघालं, तर भट्टी उचलून दुसरीकडे. आणि भट्टी गेली तर कृष्णातनं काय करायचं, तेही तिला पहिल्याच दिवशी त्याच्या आईकडून, मनुबाईंकडून कळलं. पुण्याच्या एका गिरणीत माजी सैनिकांना दारावर उभं करतात. त्याचं पत्र येऊन पडलं होतं.

"बंदूक घिऊन दारात हुबं ऱ्हायाचं," मनुबाई चुलीपुढे बसून म्हणाल्या. "कान आसा, रातीची झोप नसलेलं माझं ल्येकरू, त्या भोंग्याच्या आवाजात कसं काडील दिस? हितं कसं निवांत झोपतंय. पर तुज्या कागदावर हाय समदं, पोरी."

तीन दिवस विजयमालानं जीव तोडून काम केलं. आपल्या काचेच्या छोट्या भट्टीत मूठभर पाला घालून तिनं तेल काढलं. हिशेबानं शंभराला अर्धा किलो, अगदी बरोबर. कृष्णातच्या मोठ्या भट्टीत शंभर किलो घातले, तर जेमतेम पाव किलो! पाला तोच, पाणी तेच. मग उरलेलं तेल जातं कुठं? तिनं झाकणाच्या कडा कणकेनं लिंपून बघितल्या. पाला ताजा घातला, सुकवून घातला. नळी नवी झाळलेली, गळत नव्हती. पाव किलोवरून काटा हलेना.

या तीन दिवसांत आणखीही काही काही झालं, पण ते कागदावर लिहिण्याजोगं नव्हतं. ती जाळाजवळ गेली की कृष्णात न बोलता मधे येऊन उभा राहायचा. तिच्यासाठी चहात पुदिन्याचं पान पडायला लागलं. तिला दूधबिध म्हशीचं चालतं का, हे त्यानं आईकरवी विचारलं, आणि आईनं ते "माझा कृष्णात इचारतोय" असं मोठ्यानं सांगून टाकलं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. ऐकू न येणाऱ्या कानाची पाळीसुद्धा.

"तुम्ही एवढं बघत काय असता हो माझ्याकडे?" तिनं एकदा धीर करून विचारलंच.

"तुमच्याकडं न्हाई. काचंकडं बगतो."

"काच तिकडे आहे."

"मग तिकडं बगतो..." म्हणाला, आणि बघितलं मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं अण्णांना द्यायचा तो कागद काढला. पेन उघडून कितीतरी वेळ बसली. पाव किलोच्या जागी आकडा थोडा वाढवून लिहिला तर? अण्णा तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. एक आकडा... कोणाला कळणार?

"खरं हाय तेच ल्ह्या." कृष्णात समोर उभा होता. तिच्या मनातलं त्यानं कसं ओळखलं देव जाणे. "खोट्या आकड्यावर भट्टी ऱ्हायली, तर मला ह्या मांडवात झोप यायची न्हाई. तुमालाबी यायची न्हाई."

तिनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. लिहून झालं आणि तिचं डोकं ठणकायला लागलं, उन्हानं की कशानं ते तिचं तिला ठाऊक. तो रिकाम्या पेटीच्या कडीला सुतळी बांधायला वाकला होता, ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. या बाजूचं काही ऐकू जात नाही, हे तिला माहीत होतं, म्हणूनच त्यानं मान वर केली तरी ती हळूच बोलली.

"ही भट्टी इथंच राहू दे रे देवा. आणि हा माणूसही."

त्याचे डोळे तिच्या तोंडावरच होते. "काय म्हणालात?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

मग मनुबाईंनी तिला घरात नेलं, घोंगडीवर आडवी केली आणि फडताळातली बोटभर बाटली काढून कापसानं तिच्या कपाळाला काहीतरी चोळलं. गार... असं गार, की डोळ्यांतून पाणीच आलं. विजयमाला ताडकन उठून बसली. नाकाला वास कळत नसला म्हणून काय झालं, कातडीला कळत होतं. हे पाणी नव्हतं. हे अस्सल तेल होतं.

 तेल कुठं जातं, कुठं जातं म्हणून तीन दिवस शोधतेय... आणि ते घरातच?

"मावशी," तिनं बाटलीकडे बोट केलं, "हे भट्टीवरचं तेल... तुम्ही काढून ठेवता?"

मनुबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे, आणि मग त्या अशा काही हसल्या की ठसका लागला.

"आगं, चोरीचं न्हवं ते! माज्या गुळण्यांच्या घागरीतलं हाय."

"कसल्या घागरीतलं?"

मनुबाईंनी तिला हाताला धरून परसात नेलं. तिथं सावलीत एक घागर होती. मनुबाईंची दाढ दोन वर्षं दुखत होती. भट्टीचं जे पाणी पाटात सोडून द्यायचे, त्यातलं घागरभर त्या रोज आणून ठेवायच्या. त्यात दोन मुठी मीठ टाकायच्या, दाढेला मिठाचं पाणी चांगलं म्हणून. आणि दिवसभर गुळण्या करायच्या.

"पर मीठ टाकलं का वर त्याल चडतंय बग. त्वांडात कडू लागतंय म्हून कापसानं टिपून बाटलीत पिळती. डोस्क्याला बरं पडतंय."

विजयमाला वाकली. घागरीच्या तोंडाशी, पाण्यावर, पिवळसर तेलाचा एक पातळ पदर तरंगत होता.

दोन वर्षं कारखाना, त्याआधी चार वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र! पाण्यात विरलेलं तेल मीठ घातलं की पाण्याला धरून ठेवता येत नाही, ते वर येतं, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि इथं मनुबाई भट्टी बसल्यापासून ते दाढदुखीपायी करत होत्या. ती मातीतच फतकल मारून बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायलाही लागली.

"ढमाळ!" तिनं हाक मारली. "अहो, ढमाळ!"

तो धावत आला. तिनं त्याला भट्टीजवळ नेलं, नळीच्या तोंडातून अजून ठिबकत असलेल्या पाण्याखाली त्याचं बोट धरलं. त्यानं चटकन मागे घेतलं.

"ऊन हाय!"

"तेच! इथं वाफ नीट निवतच नाही. ऊन पाण्यात तेल विरून जातं आणि सगळं पाटात. टाकीतलं पाणी तुम्ही बदलत का नाही?"

तो ओशाळला. "हिरीला चार हात पाणी ऱ्हायलंय. पुदिन्याला पाजू का टाकीत वतू? तेच तेच वापरतो."

वाया काही घालवायचं नाही, म्हणून टाकीतलं पाणी वाचवलं, आणि त्यापायी निम्मं तेल पाटातून वाहून गेलं. पाटाकाठच्या गवतालाच काय ती चैन!

"मग काय, पाटात जाणाऱ्या पाण्यात मीठ घालून तेल काढायचं?" विजयमाला स्वतःशीच बोलायला लागली. "पण खारं पाणी शेतात सोडता येणार नाही, पुदिना मरेल... आणि एवढं मीठ..."

कृष्णात तिच्याकडे बघत नव्हता. आज पहिल्यांदाच तो खरोखर काचेकडे, अजून पेटीत न भरलेल्या तिच्या छोट्या भट्टीकडे, बघत होता.

"बाई, एक इचारू? तुमच्या त्या काचंच्या भट्टीत तेल वर ऱ्हातं. आन खालचं पाणी त्या बारक्या नळीतनं परत पाल्यात जातं. मग आमीबी तेच पाणी परत भट्टीत वतलं तर? नवं पाणी वतायचं कशापायी?"

विजयमालानं काचेकडे बघितलं. ती बारकी नळी. तीन दिवस डोळ्यांसमोर ते पाणी थेंबथेंब परत जात होतं, आणि तिला दिसलं नव्हतं! तेल गेलेलं पाणी पुन्हा भट्टीत घालायचं, त्यातलं तेल वाफेबरोबर पुन्हा वर येणार. भट्टीला ओतायचं नवं पाणी वाचणार, आणि ते वाचलेलं पाणी टाकीत. मीठ नको, काही नको.

"तुम्ही... तुम्ही कसे हो असे?" एवढंच तिला बोलता आलं. कागद तिनं फाडला नाही. त्याखाली खरं ते आणखी चार ओळींत लिहिलं, आणि सही केली.

धनपालअण्णांनी तो कागद चष्मा काढून वाचला, मग चष्मा लावून वाचला. "शास्त्र ठीक आहे बाळ, पण त्यात दाढदुखी कुठनं आली?" ते म्हणाले. पण अण्णा मुळात न्यायी माणूस. पुढच्या कापणीपर्यंत मुदत दिली. भादव्यात ते स्वतः येणार, आणि त्यांच्यासमोर काट्यावर अर्धा किलो उतरलं तर भट्टी तिथंच.

पुढचे तीन महिने सांगलीच्या स्टँडवर दर सोमवारी खंडाळ्याची एक बाटली यायची. पुदिन्याचा जुना पाला थोडा थोडा कापून कृष्णात घाणे काढून बघत होता. बाटलीला चिठ्ठी बांधलेली असायची, अगदी सैन्यातल्या निरोपासारखी.

"घाणा तिसरा. पाणी परत वतलं. तेल तीनशे ऐंशी ग्रॅम. सर्व कुशल. आईची दाढ काढली."

विजयमाला उत्तर धाडायची. "नमुना चांगला. टाकीतलं पाणी दोनदा बदला. दाढ काढली, मग आता गुळण्या कशाला?"

"घाणा चौथा. तेल चारशे दहा. गुळण्या चालूच. आई म्हणते सवय झाली. तुमी बसता ती फळी कोणी वापरत न्हाई."

ही शेवटची ओळ विजयमालानं पाचसहा वेळा वाचली. नमुन्याशी फळीचा काय संबंध, हे तिला कळलं नाही, असं ती निदान स्वतःला तरी सांगत होती. आणि मग तिनं लिहिलं, "फळी उन्हात ठेवू नका. तडकेल."

भादव्यात अण्णांची मोटार मळ्यात आली, तेव्हा झिमझिम लागली होती. विहीर काठोकाठ होती, सऱ्या गुडघ्याइतक्या वाढलेल्या. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळे सगळं पाचाच्या आत उरकायला हवं होतं. पहाटेपासून घाणा चालला. नळीच्या तोंडचं पाणी आता गार येत होतं. विजयमाला मिनिटामिनिटाला बोट लावून बघत होती. कृष्णात जाळ सांभाळत होता. गिरणीचं दुसरं पत्र त्याच्या खिशात होतं, हे तिला मनुबाईंनी येताक्षणी सांगितलं होतं.

चार वाजता शेवटचं तेल काढलं. तिनं ते काट्यावर ठेवलं. एका पारड्यात अर्ध्या किलोचं वजन, दुसऱ्यात तेल.

काटा हलला. पण तेलाचं पारडं वरच राहिलं.

तिनं बारीक वजनं लावून बघितली. पुन्हा बघितली. "चारशे ब्याण्णव," ती म्हणाली. तिनं तो आकडा पुन्हा स्पष्ट उच्चारला. "आठ ग्रॅम कमी आहे, अण्णा."

 कृष्णात मान खाली घालून जाळातली लाकडं मागे ओढायला लागला. मांडवावर पावसाचा आवाज तेवढा होत होता.

"आठ म्हंजी किती?" दारातून मनुबाईंचा आवाज आला.

"थोडंच, मावशी... दोनेक चमचे."

मनुबाई आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या ती बोटभर बाटली घेऊन. खाली मान घालून, पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. "सकाळी पयल्या धारंचं पाणी तेवडं मी घागरीत नेलं हुतं. सवय जात न्हाई बगा... ह्ये आजचंच हाय, अण्णा. देवाशप्पत आजचंच. बाटलीतलं आदीचं त्याल मी कालच पुसून काडलंय."

विजयमालानं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली. तिनं बाटली पारड्यातल्या भांड्यात रिकामी केली. एक थेंब, दोन थेंब... पारडं हळूच खाली आलं. वजनाच्या बरोबरीला येऊन क्षणभर थांबलं, आणि मग केसभर आणखी खाली गेलं.

"गुळण्यांसकट अर्धा किलो," अण्णा म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. "भट्टी इथंच राहू दे, कृष्णात. फक्त आईला एक वेगळी घागर घेऊन दे, साध्या पाण्याची."

कृष्णातनं खिशातलं पत्र काढलं आणि निखाऱ्यांत टाकलं. मग तो भट्टीमागे गेला, आणि बराच वेळ तिकडून आलाच नाही.

अण्णा मोटारीतून पुढे गेले. विजयमाला रात्री आत्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातारच्या गाडीला पेटी पोचवायला कृष्णात आला. स्टँडवर दोघं एका छत्रीखाली उभी होती. छत्री त्याच्या उजव्या हातात, पेटी डाव्या खांद्यावर, आणि ती पेटीच्या बाजूला. मुद्दामच. अशा वेळी माणसाला थोडा आडोसा हवा असतो.

"तुमाला एक सांगायचं हाय," तो समोर बघत म्हणाला. "पयल्या दिशी मी बोललो, डाव्या अंगाचं ऐकू येत न्हाई."

"मग? खरंच ना ते?"

"खरं. ऐकू येत न्हाई. पर कान गेला की माणूस त्वांड बगाय शिकतं. दवाखान्यात शिकलो. व्हट हलले की कळतं काय बोललं." तो आता वळला. "बसमंदी तुमी बोललात ते समदं कळलं मला. कवायतीचंबी."

विजयमालाच्या गालांवर रक्त चढलं. "म्हणजे तुम्ही घाटात... सबंध वेळ माझ्याकडे..."

"बगत हुतो. न बगता कळायचं कसं?"

"आणि काचेकडे बघतो म्हणालात ते?"

"ते खोटं हुतं."

मग तिला एकदम आठवलं. मे महिना. सुतळी बांधायला वाकलेला तो. मान वर केलेली. ती जे बोलली ते... तिनं पदर तोंडाशी नेला.

"त्या दिवशीचं... तेही?"

 त्याच्या दोन्ही कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तेवढं उत्तर पुरेसं होतं. तीन महिने त्याला माहीत होतं. माहीत असून चिठ्ठीत एक अवाक्षर नाही, फक्त एक फळी.

"बोलला का नाहीत मग?"

"भट्टी उचलली असती तर? दारावर हुबं ऱ्हाणाऱ्या माणसानं काय बोलायचं..." त्यानं पेटी खांद्यावर सावरली. "आता बोलतो. आण्णांच्या हातनं तुमच्या वडलांना निरोप धाडू का? तुमी न्हाई म्हणालात, तर मी पुन्यांदा तोंडातनं काढणार न्हाई."

सातारची गाडी वळणावर दिसली. लोक पिशव्या उचलायला लागले. विजयमाला हलली नाही... आणि मग हलली. छत्रीतून बाहेर पडून, पावसातून, त्याला वळसा घालून ती उजवीकडे आली. त्या बाजूचा कान शाबूत होता. ती टाचा उंचावून उभी राहिली. तो सवयीनं तिच्या तोंडाकडे बघायला वळणार, तोच तिनं त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं.

"आता बघू नका," ती म्हणाली. "नुसतं ऐका."

आणि तिनं सांगितलं.